सिस्टर मोनिकांची ओटी

सिस्टर, परवा तुम्हाला माती दिली आणि काल दिवसभर मी कुणाशी बोलले नाही. सुनेला वाटलं, आत्या दुःखात आहेत. दुःख होतंच, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर राग जास्त होता, आणि तो तुमच्यावर होता. भांडण अर्ध्यात टाकून निघून जायचं, हे काय वागणं झालं? इतकी वर्षं माझ्याशी वाद घातलात, एकदाही हार मानली नाहीत, आणि जाताना शेवटचा शब्दही स्वतःचाच ठेवून गेलात.

म्हणून आज लिहायला बसलेय. मी अंगणवाडीत कामाला होते तेव्हा माझं लिहिलेलं तुम्ही वाचायचात आणि म्हणायचात, "सुमन, कुठंतरी थांब की गं, वाचनाऱ्याला दम लागतो." आता मी थांबणार नाही. काढा काय चुका काढायच्या त्या.

"मी मेल्यावर माझी ओटी तूच भरायची," असं तुम्ही मला बजावून ठेवलं होतं. मी नाही म्हणून बसले होते. माझ्यासारख्या नवरा गेलेल्या बाईनं कुणाची ओटी भरायची नसते, हे तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही हट्टाला पेटला होतात. परवा त्याचं काय झालं ते मला तुम्हाला सांगायचंय. तुम्ही तिथंच होतात, पण डोळे मिटलेले होते, तेव्हा दिसलं नसणार. मात्र पहिल्यापासून सांगते, कारण तुम्हाला सगळं तुमच्या सोयीनं आठवायची खोड होती.

मी मिशनच्या दवाखान्यात पहिल्यांदा आले ती काही औषधाला नाही आले. आमचे मालक काविळीनं गेले होते, पोरगं कडेवर होतं. तुम्ही नुकत्याच आमच्या गावात बदलून आला होतात. सासूनं तुम्हाला घोडेगावच्या गाडीतून उतरताना पाहिलं आणि घरी येऊन कपाळावर हात मारला. "आगं बया, एवढी तरणी पोर अन् पांढरं कपाळ. हातात काकण न्हाई, गळ्यात डोरलं न्हाई. आन् घरची मान्सं कुठं गेली म्हनायची, दवाखान्यात ठिवली तिला?" मिशनमध्ये त्याआधी सगळ्या म्हाताऱ्या सिस्टर होत्या. त्यांच्याकडं बघून कुणाला कधी प्रश्न पडला नव्हता.

ते ऐकून माझ्या जिवाला काय झालं म्हणून सांगू. गावात माझ्या वयाची विधवा दुसरी नव्हती. संक्रांतीला सगळ्या नटूनथटून निघायच्या आणि मी चुलीपुढं बसायचे. वाटलं, चला, कुणीतरी आपल्यासारखं आलं. दुसऱ्या दिवसापासून पोराला खोकला झाल्याचं निमित्त करून मी तुमच्या पडवीत येऊन बसायला लागले. तुम्ही पट्ट्यांच्या गुंडाळ्या करायचात आणि मी बोलत राहायचे. जे आईला सांगितलं नव्हतं ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही मान हलवायचात, मधेच पोराच्या हातात काहीतरी खायला ठेवायचात.

मग एके दिवशी मी धीर करून विचारलं, "सिस्टर, तुमचे मालक कशानं गेले?"

तुम्ही आधी माझ्याकडं बघत राहिलात. मग जे हसायला लागलात ते मांडीवरच्या सगळ्या गुंडाळ्या खाली सुटल्या. बोटातली अंगठी पुढं केलीत, भिंतीवरच्या येशूकडं मान वळवलीत आणि म्हणालात, "अगं, माझा नवरा हाय की. जित्ता हाय. मी सवाष्ण बाई हाय, सुमन."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढे दिवस माझ्या पोटातलं सगळं काढून घेतलंत आणि आता म्हणता सवाष्ण. पोराला उचललं आणि तरातरा निघाले. चार दिवस आले नाही. पाचव्या दिवशी करमेना म्हणून आले, तर तुम्ही जागेवरून हललाही नाहीत. "राग गेला का?" मी म्हटलं, "नाही." "मग बस. चहा पी. राग असला तरी चहा पिता येतो." आपलं पुढचं सगळं आयुष्य असंच गेलं बघा.

दहावी झालेली बाई दुसऱ्याच्या वावरात खुरपायला जाते म्हणून तुम्ही मला किती बोललात. अंगणवाडीची जागा निघाली तेव्हा माझ्या सासूच्या पुढ्यात जाऊन बसलात आणि तिचं ऊस लागवडीवरचं सगळं भाषण ऐकून घेतलंत, तेव्हा ती हो म्हणाली. मिशनची कोपऱ्यातली खोली अंगणवाडीला दिलीत. माझं पोरगं त्या खोलीत वाढलं. हे उपकार मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर तुम्ही चेष्टाच केली असती.

लेण्याद्रीला मी तुम्हाला नेलं ते आठवतं? तुम्ही म्हणालात, तुझा गणपती दाखव, मी आमच्या सगळ्या मूर्ती तुला दाखवल्यात. तेव्हा तुमचे गुडघे धड होते. पायऱ्या चढताना मी धापा टाकत होते आणि तुम्ही पुढं जाऊन माकडांशी गप्पा मारत होतात. मी तुम्हाला सांगितलं की पार्वतीनं पोरासाठी इथं तप केलं, म्हणून हा गिरिजात्मज. तुम्ही म्हणालात, "आयांनाच सगळं करावं लागतं, देव असू द्या न्हाईतर मान्सं." मी दर्शन घेऊन आले तर तुम्ही गायब. शोधत शोधत शेजारच्या लेण्यात गेले. तिथं जुन्या भिक्खूंच्या खोल्या आहेत ना, एक माणूस मावेल एवढ्या, आत दगडाचा ओटा. त्या ओट्यावर तुम्ही पाय सोडून बसला होतात, माहेरी आल्यासारख्या.

"सुमन, ही बघ आमची नॉव्हिशिएटची खोली. हुबेहूब. फक्त आमची गादी याच्यापेक्षा जरा कडक व्हती."

सिस्टर व्हायच्या आधी पोरींना जिथं ठेवून पारखून घेतात ते नॉव्हिशिएट, हे मला तेव्हा कळलं. अठराव्या वर्षी नगरकडच्या एका वस्तीवरून तुम्ही पत्र्याची ट्रंक घेऊन तिथं गेलात. तिथली मोठी मदर विलायतेची, पुस्तकातून मराठी शिकलेली. तुम्ही दारात उभ्या राहिल्याबरोबर तिनं विचारलं, "मुली, तू क्षुधित आहेस काय?" तुम्हाला वाटलं, हा काहीतरी आजार असणार, आणि तो असला तर घरी पाठवतील. तुम्ही घाईघाईनं म्हणालात, "न्हाई न्हाई, मी चांगली धडधाकट हाय." म्हणून त्या दुपारी तुम्हाला कुणी जेवायलाच दिलं नाही. संध्याकाळी बशीत पांढरं पातळ काहीतरी आलं, त्यात तुम्ही हात धुतलेत. हे सांगताना तुम्हाला इतकं हसू येत होतं की ते दगडी लेणं घुमत होतं, आणि बाहेरचे भाविक डोकावून बघत होते की ही पांढऱ्या साडीतली बाई आत काय करते.

पायांचा आवाज न करता चालायचं, दार न वाजवता लावायचं, हसायचं तर तोंड मिटून. तुम्ही सांगत होतात आणि मी विचार करत होते की ह्या बाईला तिथं ठेवून कसं घेतलं असेल. मिरचीसाठी रडला होतात म्हणे. मी विचारलं, "पळून जावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटायचं. सकाळची घंटा झाली की वाटायचं, अन् चॅपलमधी जाऊन बसलं की वाटायचं थांबायचं. असं करता करताच म्हातारी व्हायला आले बघ."

"मग गेलातच कशाला?"

तुम्ही ओट्यावरची धूळ पुसत सांगायला लागलात. तुमच्या वस्तीवर एक सिस्टर सायकलवरून यायची, महारोग्यांच्या जखमा धुवायची, आणि धुता धुता त्यांच्याशी बाजारभावावर गप्पा मारायची. जखमेकडं बघून तोंड फिरवायची नाही. तुम्ही म्हणालात, "मला वाटलं, हिला हे कुनी शिकिवलं असंल, त्याच्याकडंच जावं." इतकंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठा साक्षात्कार सांगाल. मग मी विचारलं, "निघताना आई रडली का हो?" तर तुम्ही उठलात, पदर झटकलात आणि म्हणालात, "चल, गाडी चुकंल." गाडीला चिक्कार वेळ होता.

त्याचं उत्तर मला माझ्या पोराच्या लग्नात मिळालं.

हळदीच्या दिवशी घर भरलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून आतूनच सगळ्यांना कामं सांगत होते. तुम्ही मिशनच्या वसतिगृहातल्या पोरी घेऊन आलात, मांडवात मला शोधलंत, मग आत आलात. "पोराला हळद लावलीस का?" मी म्हटलं, "मी कशी लावू?" तुम्ही माझा दंड धरून मला गोठ्याकडं नेलंत. एवढ्या चिडलेल्या मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. "त्याला वाढवलं कुनी? आजारपनं काढली कुनी? अन् आज दाराआड उभी ऱ्हातीस, चोरी केल्यागत?" मलाही राहवलं नाही. सकाळपासून रडू दाबून धरलं होतं. मी म्हटलं, "तुमचं सोपं आहे सिस्टर. तुमचा नवरा मरत नाही."

पोरींना घेऊन न जेवता निघून गेलात. लग्नघरातून न जेवता.

मी बरेच दिवस तुमच्या पडवीकडं फिरकले नाही. अंगणवाडीत येता-जाता तुमच्या खिडकीकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघायचे. शेवटी तुम्हीच आलात. भर दुपारी, छत्री घेऊन. उंबऱ्यावर बसलात, पाणीही मागितलं नाहीत आणि एकदम बोलायला लागलात.

तुमचे वडील तुमच्या लहानपणीच वारले होते. तुम्ही येशूला मानणारी माणसं, पण गावाच्या चालीरीती काही देवळापाशी थांबत नाहीत. लेक सासरी निघाली की ओटी भरायची, ती सवाष्णीनं भरायची, हे तुमच्याकडंही होतं. तुम्ही कॉन्व्हेंटला निघालात तेव्हा आईनं सूप भरून ठेवलं. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सगळं. चुलत्या-मावश्यांना निरोप गेले. एकजणही आली नाही. लग्नच नाही तर ओटी कसली, म्हणाल्या. चुलते तर आईशी बोलायचेच बंद झाले होते. गाडीची वेळ झाली. आई सूप घेऊन दाराच्या आतच उभी.

"मी म्हनलं, आये, तूच भर. तर ती म्हनली, नको बाई, माझा हात नको तुझ्या संसाराला." तुम्ही छत्री उगीच उघडलीत आणि मिटलीत. "संसार म्हनली ती, सुमन. सगळं गाव म्हनत व्हतं पोरगी वाया गेली. अन् माझी आई एकटी त्याला संसार म्हनत व्हती. तरीबी भरली न्हाई. मी रिकाम्या पदरानं गाडीत बसले."

घरी यायची पहिली परवानगी मिळायच्या आधीच आई गेली. व्रत घेताना तुम्हाला नवं नाव निवडायला सांगितलं तेव्हा तुम्ही एका विधवा संतिणीचं नाव निवडलंत. मी इतकी वर्षं तुम्हाला सिस्टर मोनिका म्हणत होते आणि मला हे माहीत नव्हतं.

मी उठून तुम्हाला पाणी दिलं. तुम्ही प्यायलात, तोंड पुसलंत आणि नेहमीच्या सुरात म्हणालात, "तर माझी ओटी तू भरायची. आत्ता नको, आमच्या बाया हसतील. मी मेले की भर. सवाष्ण मेल्यावर भरत्यातच की तुमच्यात."

मी म्हटलं, "माझा हात चालत नाही. सवाष्णीची ओटी विधवेनं भरली तर तिच्या मालकाला—"

"त्याला काय व्हतंय? तो एकदा मरून उठलाय."

सिस्टर, त्या दिवशी मी पोट धरून हसले. मालक गेल्यापासून तशी हसले नव्हते. पण हसले म्हणजे हो म्हटलं असं नाही, हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं आणि नंतरही सांगत राहिले. तुम्ही दरवर्षी विचारायचात आणि मी दरवर्षी नाही म्हणायचे. तुम्हाला वाटायचं मी लोकांना भिते. लोकांना मी कधीच भ्यायले नाही, तुम्हाला माहीत आहे माझं तोंड. मी माझ्या हातांना भ्यायचे. मालक गेले तेव्हा पायगुणाचं बोलणं माझ्या कानावर आलं होतं, आणि वरून कितीही उडवून लावलं तरी ते आत कुठंतरी जाऊन बसलं होतं. सुनेचं डोहाळजेवण झालं तेव्हा मी लांबच बसले. नातू झाला तेव्हा सुनेनं मांडीवर ठेवीपर्यंत मी त्याला उचललं नाही. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही काहीतरी बोलला असतात आणि मी चिडले असते, पण बरं वाटलं असतं.

शेवटच्या आजारपणात तुम्हाला श्वास पुरत नव्हता तरी बोलायचं कमी झालं नाही. मी तांदळाची पेज घेऊन यायचे. तुम्ही दोन चमचे घ्यायचात आणि विचारायचात, "ठरलं का?"

"काय?"

"सूप."

मी म्हटलं, "वैशाली भरेल. माझी सून सवाष्ण आहे, लेकुरवाळी आहे, हात चांगला आहे तिचा."

तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "वैशाली माझी कोन?"

मी म्हटलं, "गप पडा. पेज प्या." हेच आपलं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी तुम्ही कुणाला ओळखत नव्हतात.

मी म्हणायला हवं होतं की सिस्टर, माझं माहेर तिकडं आणे पठारावर आहे, पण मालक गेल्यावर तिथून कुणी दिवाळीला न्यायला आलं नाही. दिवाळीच्या पाडव्याला मी तुमच्याकडंच यायचे आणि तुम्ही मला बसवून वाढायचात. माझं माहेर तुम्ही होतात. आणि तुम्ही उलटं माझ्याकडंच माहेर मागत होतात, हे मला त्या वेळी उमगलं नाही. डोक्यात नुसतं हातांचंच होतं.

आता परवाचं सांगते.

तुम्हाला चॅपलमध्ये ठेवलं होतं. वरच्या गावांतून तुम्ही बाळंतपणं केलेल्या बाया आल्या होत्या, पहिल्या गाडीनं. धनगरवाड्यावरचं म्हातारं जोडपं मेंढरं कुणाच्या तरी भरवशावर टाकून आलं होतं. आमचं आख्खं घर होतं. पेटीत तुम्ही पांढऱ्या साडीत, हातात जपमाळ गुंडाळलेली, आणि तोंडावर तो भाव, आता हिची जिरवते असा. मी सूप भरून नेलं होतं. आमच्या खाचरातला इंद्रायणी तांदूळ, नारळ, हिरवा खण, हळकुंड, सुपारी. वरून रुमाल टाकला होता. वैशालीला घरीच पढवलं होतं की पुढं जाऊन ओटी भरायची आणि मागं यायचं. मी मागच्या बाकाजवळ भिंतीला टेकून उभी राहिले.

वैशाली सूप घेऊन पुढं गेली. तुमच्या त्या नव्या सुपीरियर, म्हणजे सगळ्यांत मोठ्या सिस्टर, केरळच्या, त्यांनी रुमाल उचलून बघितलं आणि विचारलं, "तू सुमन?"

"न्हाई, मी त्यांची सून."

"मोनिका सिस्टर मला बोलली होती. एक बाई सूप घेऊन येणार, नाव सुमन. तीच करणार. दुसरी नाही."

सगळी माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. सिस्टर, मेल्यावरसुद्धा तुम्ही माझा दंड धरलात. वैशाली सूप घेऊन माझ्यापर्यंत आली आणि माझ्या हातात देऊन बाजूला झाली. आमच्या चुलत सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "सुमे, तू कशाला? सून हाय ना सवाष्ण, तिला करू दे." त्या वाईट मनानं बोलल्या नाहीत. माझ्या काळजीनंच बोलल्या.

पळून जावंसं वाटलं. मग मला तुमची आई दिसली. कधी पाहिलेली नाही, तरी दिसली. दाराच्या आत, सूप घेऊन. बाहेर गाडी उभी, आणि पोरगी पदर पसरून म्हणतेय, तूच भर.

"त्यांनी मलाच सांगितलंय," एवढंच मी म्हटलं आणि पुढं गेले.

सुपीरियर सिस्टरांनी तुमचा पदर सरळ करून पुढं पसरला. पहिली ओंजळ निम्मी बाहेर सांडली. दुसरी नीट पडली. मग नारळ ठेवला, खण ठेवला, पुन्हा तांदूळ. तुमच्या हातांना माझे हात लागत होते, ते थंडगार होते, आणि मला भीती वाटत नव्हती. पाचही ओंजळी भरल्या. पदर भरून गेला तुमचा. मी तुमच्या कानाशी वाकून म्हटलं, नीट जा, संसाराला लागा. आईनं म्हटलं असतं तसं.

ओटी भरली की जिची भरली ती सवाष्ण पदरातले चार दाणे उचलून परत सुपात टाकते. माहेरची कणगी रिकामी राहू नये म्हणून. हे कुणाला सांगावं लागत नाही, हात आपोआप जातो. मीही बघून बघून झालेल्या सवयीनं सूप तुमच्यापुढं धरलं आणि थांबले. बाया थांबल्या. पेटीचं झाकण घेऊन आलेली माणसंही थांबली.

थोड्या वेळानं वैशालीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "आत्या, चला आता."

मी म्हटलं, "थांब गं, त्यांनी दाणे नाही टाकले अजून."

तेव्हा मला कळलं, सिस्टर, तुम्ही गेलात.